चार बाय दोनच्या फळीवर नाईल: पाणी सोडता येईल असं वर्किंग मॉडेल

नाशिकच्या शाळांमधल्या विज्ञान प्रदर्शनात नाईल दरवर्षी कुठे ना कुठे असते. थर्मोकोलवर निळ्या ऑईल पेंटची वळणदार रेघ, शेजारी पुठ्ठ्याचे पिरॅमिड, वर लेबल: ‘जगातील सर्वांत लांब नदी’. त्यातून कळत काहीच नाही. नाईल समजते ती उतारातून. कुठे पाणी धावतं, कुठे आडवं पसरून उडून जातं आणि कुठे वर्षातून चार महिनेच येतं, हे फळीवर दिसलं की भात, कापूस, शीड, वीज आणि तीन देशांचं भांडण समजावून सांगायला फार बोलावं लागत नाही. खालचं मॉडेल तीन-चार जणांच्या गटाला सुट्टीचे दोन दिवस आणि मधले वाळायचे दिवस धरून आठवडाभरात होतं.

माप आधी, कात्री नंतर

12 मिमीचा वॉटरप्रूफ प्लाय घ्या, 4 फूट बाय 2 फूट. म्हणजे 122 बाय 61 सेंमी. खाली आडव्या तीन लाकडी रिपा ठोका, नाहीतर एका बाजूनं ओल लागली की प्लाय पापडासारखा वळतो. त्याच कारणानं ऑईल पेंटचा हात दोन्ही बाजूंनी आणि कडांवरही द्यायचा. कडा विसरल्या जातात आणि पाणी नेमकं तिथूनच शिरतं.

आता चौकटी आखा. 1 अंश म्हणजे 3.5 सेंमी. उभ्या बाजूनं विषुववृत्तापासून 32 अंश उत्तरेपर्यंत 112 सेंमी होतात, वर-खाली 5-5 सेंमी उरतात. आडव्या बाजूनं 28 ते 40 अंश पूर्व, म्हणजे 42 सेंमी. दोन्ही कडांना उरलेली जागा लेबलांना आणि बाटल्यांना लागते. एक अंश सुमारे 111 किमी, त्यामुळे फळीवरचा 1 सेंमी म्हणजे जवळपास 32 किमी. चौरस चौकटीमुळे कैरोकडे पूर्व-पश्चिम अंतर थोडं ताणलं जातं. शाळेच्या कामाला तेवढं चालतं.

उंचीचं माप: 1 सेंमी म्हणजे 100 मीटर. म्हणजे उंची आडव्या मापाच्या तीनशे पटींहून जास्त फुगवलेली आहे. हे लेबलवर स्पष्ट लिहा. परीक्षक विचारतात, आणि त्यांनी विचारावंच.

चौकटीवर हे बिंदू टाका. प्रत्येकी आधी उत्तर अक्षांश, मग पूर्व रेखांश, शेवटी नदीच्या पाण्याची उंची सेंमीत:

जिंजा (व्हिक्टोरिया सरोवराचं तोंड): 0.4, 33.2, उंची 11.3
अल्बर्ट सरोवराचं उत्तर टोक: 2.4, 31.4, उंची 6.2
जुबा: 4.9, 31.6, उंची 4.6
मलाकल: 9.5, 31.7, उंची 3.9
खार्टूम: 15.6, 32.5, उंची 3.8
अटबारा: 17.7, 34.0, उंची 3.5
अबू हमद: 19.5, 33.3, उंची 3.1
डोंगोला: 19.2, 30.5, उंची 2.2
अस्वान, धरणांच्या खाली: 24.1, 32.9, उंची 0.9
कैरो: 30.0, 31.2, उंची 0.2
ताना सरोवर (बहिर दार): 11.6, 37.4, उंची 17.9

बिंदू सरळ रेघांनी जोडू नका. निळी नाईल तानातून निघते ती थेट खार्टूमकडे जात नाही. आधी आग्नेयेला, मग दक्षिणेला वळसा घेत 10 अंशांच्या आसपास उतरते आणि तिथून पश्चिमेला वळून वायव्येकडे लागते. अटबाऱ्यापुढे मुख्य नदी अबू हमदला वायव्येला जाते आणि तिथून चक्क मागे, नैऋत्येला फिरते. डोंगोल्याच्या अलीकडे पुन्हा उत्तरेला. हे उलट्या ‘एस’सारखं वळण चुकलं की पुढचं सगळं सरकतं.

20 अंशांच्या रेघेवर, म्हणजे विषुववृत्तापासून 70 सेंमीवर, एक लाल धागा ताणा. नाशिकचा अक्षांश हाच. धागा अबू हमदच्या वळणाला जेमतेम चुकवून जातो आणि नदीच्या तिसऱ्या प्रपाताजवळ, म्हणजे खडकाळ टप्प्याजवळ, तिला छेदतो. तोच सूर्य, तोच अक्षांश, पण तिथे पाऊस जवळपास नाहीच. गंगापूर धरण आणि न्युबियाचं वाळवंट एकाच धाग्यावर पाहिल्यावर मुलं स्वतःहून विचारतात, मग एवढं पाणी येतं कुठून? मॉडेलचं निम्मं काम त्या प्रश्नानं होतं.

पुठ्ठ्याचे थर

द्राक्षाच्या किंवा टोमॅटोच्या जाड पेट्यांचा पुठ्ठा घ्या, नाशिकमध्ये तो विकत घ्यावा लागू नये. दहा तुकडे एकावर एक ठेवून दाबून मोजा. 5 सेंमी भरले तर एक थर म्हणजे 50 मीटर. 6 सेंमी भरले तर थरांची संख्या त्या हिशेबानं कमी करा. डोळ्यांनी अंदाज केला तर तानापर्यंत पोचेस्तोवर दोन-तीन सेंमींचा घोळ होतो.

पहिला थर पूर्ण फळीभर चिकटवा आणि त्याचा माथा म्हणजे समुद्रसपाटी धरा. हा थर गाळण्याची चूक बहुतेक जण करतात. मग फयूमचं कारून सरोवर दाखवता येत नाही, कारण ते समुद्रसपाटीहून सुमारे 45 मीटर खाली आहे, म्हणजे मॉडेलवर साडेचार मिमीचा खड्डा. कैरोच्या नैऋत्येला, नदीच्या डाव्या हाताला तो कोरा आणि बहर युसुफ कालव्याची बारीक चर त्याला जोडा.

इथिओपियाचं पठार भरीव करू नका, पुठ्ठा आणि फेव्हिकॉल दोन्ही वाया जातात. कडेच्या रिंगा लावत वर चढा आणि पोटात रद्दीचे बोळे भरा. तिथली शिखरं चार हजार मीटरच्या वर जातात. ती मापात केली तर मॉडेल दारातून जाणार नाही. 25 सेंमीवर कापा आणि तसं लिहा.

वरून लेप: शाडू चार वाट्या, भिजवून पिळलेला कागदाचा लगदा दोन वाट्या, फेव्हिकॉल अर्धी वाटी. नुसत्या शाडूला वाळताना भेगा पडतात, कारण माती आकसते आणि खालचा पुठ्ठा आकसत नाही. लगद्याचे तंतू ती ओढ धरून ठेवतात. लेप 3 ते 4 मिमी, सावलीत तीन दिवस. गच्चीवर उन्हात ठेवलं तर लगदा असूनही तडकतं. ओलं असतानाच पेन्सिलीच्या मागच्या टोकानं 8 मिमी रुंदीची चर दाबून घ्या. वाळल्यावर ऑईल पेंटचे दोन हात, चरीत तीन. पहिल्या हातानंतर पूर्ण एक दिवस थांबा.

नवीन रंगावर पाणी वाहत नाही, मोत्यांसारखं थबकतं. बाटलीत भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकला की सुटतं. दोन टाकले तर फेस.

चार बाटल्या

अस्वानला पोचणारं पाणी 1 लिटर मानलं, तर त्यातलं ढोबळमानानं 590 मिली निळ्या नाईलचं, 140 सोबात नदीचं, 130 अटबाऱ्याचं आणि फक्त 140 मिली पांढऱ्या नाईलचं, व्हिक्टोरिया-अल्बर्टकडून आलेलं. पहिले तिन्ही इथिओपियाच्या डोंगरांतून येतात, म्हणजे शंभरातले जवळपास 86. नकाशात मात्र सगळ्यात लांब दिसते ती पांढरी नाईल. लांबी आणि पाणी यांचा संबंध नाही, ही गोष्ट या बाटल्या सांगतात.

पांढऱ्या नाईलच्या बाटलीत मात्र 140 नाही, 280 मिली भरायचे. निम्मं पाणी सुद्दच्या दलदलीत उडून जातं. जुबाच्या पुढे, साधारण 6 ते साडेनऊ अंशांमध्ये, चर रुंद करून 11 सेंमी लांबीचा भांडी घासायचा स्पंज बसवा. नुसता स्पंज दहा मिनिटांत पाणी उडवणार नाही, फक्त पिऊन बसेल. म्हणून आधी तो पूर्ण भिजवून ठेवा. त्याच्या उत्तर टोकाला, चरीच्या तळाशी, ठिबकच्या दुकानात मिळणारी 4 मिमीची मायक्रो ट्यूब फळीतून खाली काढा. खालच्या बाटलीवर लिहा: ‘वाफ’. चिमट्यानं ती अशी जुळवा की खालच्या बाटलीत आणि पुढच्या चरीत सारखंच पाणी पडेल.

इथे हमखास एक चूक होते. जुबा ते खार्टूम हा जवळपास 38 सेंमीचा टप्पा आणि उतार जेमतेम 8 मिमी. त्यातही मलाकलपुढे 1 मिमीच. पाणी पुढे सरकत नाही म्हणून कोणीतरी फळीच्या दक्षिणेला वीट सरकवतो. वीट सरकली की सुद्द संपलं, पांढरी नाईल धावायला लागली आणि मॉडेल खोटं झालं. तिथे पाणी रेंगाळतं, म्हणूनच दलदल आहे, म्हणूनच निम्मं पाणी उडतं. फळी चारी कोपऱ्यांना गवंड्याच्या लेव्हल ट्यूबनं सपाट करा आणि तशीच ठेवा. आपल्या नांदूर मध्यमेश्वरला बंधाऱ्यामागे गाळ साचून पाणी पसरलं आणि पक्ष्यांची पाणथळ झाली. सुद्दला बंधारा नाही, सपाटीनंच ते काम केलंय. या दलदलीला वळसा घालणारा 360 किमीचा जोंगलेई कालवा 1978 मध्ये खणायला घेतला. दोन तृतीयांशांहून जास्त झाल्यावर यादवी युद्धात काम थांबलं, ते थांबलंच.

पांढऱ्या नाईलला सलाईनचा सेट छान चालतो. वेळेचं माप 1 मिनिट म्हणजे 1 महिना. 280 मिली बारा मिनिटांत, म्हणजे मिनिटाला 23-24 मिली. थेंब मोजत बसू नका, सेकंदाला आठच्या आसपास होतात. औषधाच्या मापाच्या कपात एक मिनिट धरून चाकी जुळवा. सोबात मलाकलजवळ सोडा, तिची बाटली सप्टेंबर ते डिसेंबर जरा मोठी.

निळ्या नाईलला सलाईनचा सेट पुरत नाही. 590 पैकी सुमारे 470 मिली जुलै ते ऑक्टोबर या चार मिनिटांत गेले पाहिजेत. ऑगस्टचा प्रवाह एप्रिलच्या चाळीस पटींहून मोठा असतो. मायक्रो ट्यूबच्या दोन नळ्या आणि दोन चिमटे लावा. एक नळी वर्षभर थेंब-थेंब, दुसरी ‘जुलै’ म्हटल्यावर उघडायची. या बाटलीत एक चमचा गेरू आणि दोन चमचे शाडू कापडातून गाळून मिसळा. गाळला नाही तर नळी नेमकी ऑगस्टात तुंबते. अटबाऱ्याची बाटलीही तशीच गढूळ, आणि जानेवारी ते मे पूर्ण बंद, कारण ती नदी उन्हाळ्यात डबक्यांवर येते. तिच्यानंतर समुद्रापर्यंत नाईलला एकही बारमाही उपनदी मिळत नाही, म्हणून फळीवर तिच्या पुढे कुठेही बाटली लावू नका.

आता खार्टूमचा संगम अगदी जवळून पाहा, शक्यतो मोबाईलच्या टॉर्चखाली. मार्च-एप्रिलच्या मिनिटाला चरीतलं पाणी बहुतेक स्वच्छ, पांढऱ्या नाईलचं. ‘जुलै’ म्हणताच उजवीकडून तांबडा लोंढा येतो, संगमावर फुगतो आणि पांढऱ्या नाईलच्या चरीत बोट-दोन बोटं मागे, दक्षिणेला शिरतो. स्वच्छ पाणी थबकून उभं राहतं. प्रत्यक्षातही असंच होतं. पुराची निळी नाईल पांढरीला अडवून धरते. या थबकण्याचा फायदा घेऊनच 1937 मध्ये खार्टूमच्या दक्षिणेला जेबेल औलिया धरण बांधलं. हा एक मिनिट दाखवायला मिळाला तरी प्रदर्शनातला बाकीचा वेळ वसूल.

अस्वान: धरण म्हणजे एक मग

उंच धरण 1960 ते 1970 या काळात झालं. दगडमातीचा भराव, 111 मीटर उंच, 3,830 मीटर लांब. फळीवर त्याची लांबी सव्वा मिमी येते, तेव्हा मापाचा हट्ट सोडा आणि अ‍ॅक्रिलिकची 15 मिमी उंच पट्टी 24 अंशांवर एम-सीलनं बसवा. मागे 16 सेंमीपर्यंत चर थोडी रुंद करा. ते नासर सरोवर, सुमारे 500 किमी.

पण एवढ्या चरीत काही मिलिलिटरच मावतात आणि ऑगस्टात पाणी पट्टीवरून उडी मारून लोकांच्या बुटांवर जातं. खरं सरोवर जवळपास 162 अब्ज घनमीटरचं आहे, नाईलच्या दोन वर्षांच्या पाण्याएवढं. आपल्या भाषेत सुमारे 5,700 टीएमसी. जायकवाडी पूर्ण भरून 102 टीएमसीच्या आसपास, म्हणजे पन्नासहून जास्त जायकवाड्या. म्हणून पट्टीच्या मागे भोक पाडून पाणी खाली 2 लिटरच्या बरणीत उतरवा. एक मुलगी मापाचा कप घेऊन बसवा. तिनं बरणीतून दर मिनिटाला 55 मिली पट्टीच्या उत्तरेला ओतायचं, महिना कुठलाही असो. वर जुलैचा लोंढा असो वा एप्रिलची धार, खाली 55. धरण काय करतं ते यापेक्षा सोप्या रीतीनं सांगता येत नाही. प्रत्यक्षात उन्हाळी पिकांना जास्त सोडतात, पण आधी सारखं ओतून दाखवा.

55 कुठून आले? 1959 च्या करारात वर्षाचं सरासरी पाणी 84 अब्ज घनमीटर धरलं: इजिप्तला 55.5, सुदानला 18.5, उरलेले 10 सरोवरातून वाफ. आपल्या 1 लिटरात इजिप्तचे 660 मिली, सुदानचे 220, वाफेचे 120. सुदानचे 220 निळ्या नाईलवर सेन्नारपाशी, खार्टूमच्या आधीच कपानं काढून घ्या. 1925 च्या सेन्नार धरणावर गेझिरा हा कापसाचा मोठा प्रकल्प उभा आहे. वाफेचे 120 बरणीतून काढून बाजूला ठेवा.

करारात इथिओपिया नव्हताच, पाणी मात्र त्याचं. त्यानं 2011 पासून निळ्या नाईलवर सुदानच्या सीमेजवळ 74 अब्ज घनमीटरचं धरण बांधलं, 2020 मध्ये भरायला घेतलं आणि सप्टेंबर 2025 मध्ये त्याचं उद्घाटन झालं. 11.2 अंश उत्तर, 35.1 अंश पूर्व इथे दुसरी पट्टी लावा, पण काढता येईल अशी. ती घालून आणि काढून दोन्ही दाखवा. बघणारे लगेच इजिप्तची बाजू घेतात. तेव्हा आठवण करून द्या की जायकवाडीच्या वादात, म्हणजे खाली मराठवाड्याला पाणी सोडायच्या भांडणात, आपण नाशिककर इथिओपियाच्या जागी बसलेलो असतो. महाराष्ट्राच्या 2005 च्या पाण्याच्या कायद्यातलं समन्यायी वाटप कडू लागणाऱ्याला हे मॉडेल थोडं वेगळं दिसतं.

गाळाचे दोन ट्रे

हा भाग फळीवर होत नाही. 30 बाय 20 सेंमीचे दोन ट्रे घ्या, प्रत्येकात शाडूच्या 1.5 सेंमी उंच बांधांनी तीन-तीन खाचरं करा, आतून पांढरा रंग द्या. लिटरभर पाण्यात 100 ग्रॅम शाडू ढवळा. हे खऱ्या नाईलपेक्षा खूपच दाट आहे, पण अर्ध्या तासात परिणाम दिसायला हवा.

पहिल्या ट्रेत गढूळ पाणी थेट सोडा, वरच्या खाचरातून खालच्यात बांध फोडत न्या, 30 मिनिटं ठेवा, मग कडेची खाच उघडून सावकाश निथळू द्या. तळाशी बोटाला लागेल असा मऊ थर राहतो. जुनी इजिप्ती शेती हीच: पुराचं पाणी बांधलेल्या खोऱ्यांत महिना-दीड महिना कोंडायचं, ओसरल्यावर ओल्या गाळात गहू-बार्ली टाकायची. बागलाणातल्या मोसम-आरम काठचा फड पाहिलेल्याला बांध-पाटाची रीत ओळखीची वाटेल. फरक एवढाच की फडाला पाटानं पाळीपाळीनं पाणी मिळतं, तिथे वर्षातून एकदाच नदी घरी येत असे. पुरानंतर उपसायला शादूफ, म्हणजे एका टोकाला वजन आणि दुसऱ्याला बादली असलेली कोकणातली लाट. पुढे बैलांचा रहाटही आला.

दुसऱ्या ट्रेत तेच पाणी आधी उभ्या बाटलीत अर्धा तास ठेवून वरचं नितळ तेवढं ओता. ते उंच धरणानंतरचं पाणी. खाचर पांढरंच राहतं. गाळ नासर सरोवराच्या दक्षिण टोकाला बसतो, शेताला खत विकत घ्यावं लागतं आणि नाईलच्या मुखाशी रशीदकडचा किनारा समुद्र खातो. बदल्यात बारमाही पाणी, वर्षात दोन-तीन पिकं, त्रिभुज प्रदेशात भात-कापूस-बरसीम आणि धरणावर 2,100 मेगावॅटची वीज. दोन्ही ट्रे शेजारी ठेवा, निकाल बघणाऱ्यावर सोडा.

पुराची मापपट्टी आणि शीड

कैरोच्या रोडा बेटावर 861 सालचा नायलोमीटर आहे. विहिरीत हातांच्या खुणा केलेला खांब, एक हात सुमारे 54 सेंमी. 16 हात पाणी म्हणजे चांगलं वर्ष. फार कमी म्हणजे दुष्काळ, फार जास्त म्हणजे बांध फुटणार. सारा त्यावरून ठरे. मॉडेलवर अस्वानची पट्टी काढून ठेवा, कैरोपाशी खुणा केलेली आइस्क्रीमची काडी उभी करा आणि लेबलवर एकच ओळ लिहा: ‘त्यांचा दुतोंड्या मारुती’. नाशिकच्या गोदाघाटावरच्या या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की छातीला, हे पाहायला पुरात तिथे जाणाऱ्या माणसाला पुढचं समजावावं लागत नाही.

शिडाच्या होडीसाठी चर अरुंद पडते, तेव्हा मीटरभर पीव्हीसी पन्हाळ वेगळी ठेवा. तिच्यात दक्षिणेकडून उत्तरेला हळू पाणी सोडा आणि उत्तरेला टेबल फॅन ठेवा. वारा उत्तरेकडून, प्रवाह उत्तरेकडे. शीड उभारलेली कागदी होडी वर चढते, शीड उतरवलं की आपोआप खाली येते. फॅन एकवरच ठेवा, दोनवर होडी उलटते.

त्रिभुज प्रदेश शेवटी: कैरोपुढे चर दोन फाट्यांत, डावीकडे रशीद, उजवीकडे दमिएट्टा, दोन्ही साडेएकतीस अंशांच्या आसपास समुद्राला. मधे सुईनं कालव्यांचं जाळं कोरा. शेवटी ट्रे ठेवून पाणी मोजा. 660 मिली ओतूनही ट्रेत सगळं येता कामा नये. कालव्यांच्या जागी कापसाचे बोळे ठेवले की बहुतेक पाणी तिथेच राहतं.

खेळ संपला की नळ्यांतून लगेच साधं पाणी सोडा. गेरू वाळला की 4 मिमीची नळी फेकावीच लागते. स्पंज काढून पिळा, फळी सावलीत तिरकी उभी करा. पाणी आत मुरलं असेल तर दुसऱ्या दिवशी लेपावर फुगवटा दिसतो. तिथे ब्लेडनं चीर द्या, वाळू द्या, एम-सील भरा आणि पुन्हा रंगवा.